माझ्या साडूंनी केलेली कॉफीची चौकशी

आमच्या बेळगावात माणूस जन्माला येतो तोच मुळी मत घेऊन येतो. कुंद्याचा खवा किती भाजावा, दुकानाच्या पाटीवर कुठली भाषा वर असावी, उड्डाणपूल कुठे उतरावा, यंदा भात कधी लावावं, काहीही विचारा, मत तयार. अनगोळच्या कुठल्याही कट्ट्यावर पाच माणसं बसलेली असली तर तिथं सात मतं असतात, कारण दोघांची सकाळची आणि संध्याकाळची वेगवेगळी असतात. अशा या गावात, नव्हे, थेट निपाणीपर्यंतच्या सगळ्या सीमाभागात, ज्याला कशावरच मत नाही असा एकच माणूस आहे आणि तो देवाने नेमका माझ्या नात्यात घातला. ते माझे साडू. माझ्या बायकोच्या थोरल्या बहिणीचे यजमान. मी त्यांना अण्णा म्हणतो, ते मला पावणं म्हणतात. आमच्या लग्नाला आता पंचवीस वर्षं होऊन गेली, तरी मी अजून पावणाच आहे.

साडूंचा जन्म गेला सर्व्हे खात्यात. लोकांच्या जमिनी मोजायच्या, दोन भावांच्या मधे उभं राहून दगड कुठे रोवायचा ते सांगायचं. आधी सगळ्या लगतच्या शेतकऱ्यांना नोटीस द्यायची, सगळे हजर झाले की प्रत्येकाचं म्हणणं ऐकायचं, जबाब लिहून घ्यायचे, हरकती मागवायच्या, पंचांच्या सह्या घ्यायच्या आणि मगच टेप काढायचा. ही रीत त्यांच्या अंगात इतकी भिनली की निवृत्त झाले तरी सुटली नाही. उंच, जरासा पोक आलेला देह, खांद्याला खाकी कापडाची पिशवी, पिशवीत कोरे कागद, कानावर पेन्सिल. चालताना मनातल्या मनात पावलं मोजतात. आमच्या दारापासून मारुतीच्या देवळापर्यंत दोनशे बारा पावलं आहेत हे ज्ञान मला त्यांच्यामुळे झालं. त्याचा मला आजवर काडीचा उपयोग झालेला नाही, ही गोष्ट वेगळी.

मी नवा जावई म्हणून सासुरवाडीला पहिल्यांदा जेवायला गेलो होतो तेव्हाची गोष्ट. सासूबाईंनी हौसेने भरली वांगी केली होती. त्यांनी थोरल्या जावयाला विचारलं, "कशी झाल्यात वांगी?" आता याला उत्तर एकच असतं, ते शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं. साडूंनी घास गिळला, पाणी प्यायले आणि माझ्याकडे वळून म्हणाले, "पावण्यांचं काय म्हणणं पडतंय?" मी म्हणालो, झकास. मग त्यांनी मेव्हण्याला विचारलं, पोरांना विचारलं, आत जाऊन वाढणाऱ्या मावशींना विचारलं, आणि हात धुऊन झाल्यावर सासूबाईंना सांगितलं, "मामी, बहुमत वांग्यांच्या बाजूनं हाय. एक हरकत आलीया, मिठाबद्दल. पण ती धाकट्या पोराची हाय, ती विचारात घ्यायची का न्हाय ते तुमी ठरवा." सासूबाईंना हसावं का रडावं कळेना. मावशींनी मात्र त्यानंतर साडू जेवायला असले की स्वयंपाकघराचं दार लावून घ्यायला सुरुवात केली.

चप्पल घ्यायची म्हणून एकदा मला खडेबाजारात घेऊन गेले. अर्ध्या तासाचं काम. दुपार गेली. दुकानदाराचा जबाब झाला, त्याच्या भावाचा झाला, मग हे दुकानाबाहेर उभे राहून येणाऱ्या-जाणाऱ्यांच्या पायांकडे बघत बसले. तसलीच चप्पल घातलेला एक गृहस्थ दिसला. साडू त्याच्या मागोमाग निघाले, साडूंच्या मागोमाग मी. पार पुढच्या चौकात त्याला गाठून हे अगदी अदबीने म्हणतात, "हरकत नसली तर इचारतो, चावती काय हो?" तो बिचारा खिसा चाचपायला लागला. अखेर चप्पल घेतलीच नाही. दोन्ही बाजूंचं सारखंच बळ पडलं म्हणे. साडू जुन्याच चपलेला टाका घालून घरी आले, आणि त्या कागदावर पंच म्हणून सही मात्र माझी. लग्न झाल्यापासून मी असल्या कागदांवर इतक्या सह्या केल्या आहेत की कोर्टात उभं केलं तर कुठली वांगी आणि कुठली चप्पल हे मला सांगता येणार नाही.

अशा माणसाला मित्र कसा टिकावा? पण एक टिकला होता. चिकोडीचे आप्पा. जैन घराणं, घरची बागायत, तंबाखूचा पिढीजात व्यापार, निम्मं बोलणं मराठीत आणि निम्मं कानडीत. साडू नोकरीत नवे असताना आप्पांच्या रानाची मोजणी करायला गेले होते आणि हद्द तीन पावलं आप्पांच्या विरुद्ध निघाली. आप्पांनी बांधावर उभं राहून आख्खं शिवार डोक्यावर घेतलं. दुपार झाली तशी स्वतःच डबा घेऊन आले आणि सर्व्हेअरसाहेबांपुढे ठेवून म्हणाले, "मोजणी चुकलीय ती चुकलीयच. पण उपाशी माणसाशी काय भांडायचं रं?" तेव्हापासून दोघांची जोडी जमली. हा आरडाओरडा करणारा, तो गप्प. ह्याला प्रत्येक गोष्टीवर मत, त्याला एकही नाही. मला वाटतं, म्हणूनच जमलं असावं.

खडेबाजारच्या एका कोपऱ्यावर आप्पांच्या वडिलांनी घेऊन ठेवलेली इमारत आहे. तिच्या तळमजल्यावर उडुपीकडच्या एका काकांचं हॉटेल होतं. दर गुरुवारी आप्पा व्यापाराच्या कामाला बेळगावात यायचे, आणि काम आटोपलं की दोघं त्या हॉटेलात बसायचे. मागवायचे ते बाय टू कॉफी. आमच्याकडे ही रीतच आहे, एक कॉफी सांगायची आणि दोन पेल्यांत निम्मी निम्मी घ्यायची. ती संपली की दुसरी, बाय टू. मग तिसरी. मी एकदा म्हणालो, अहो दोघांना दोन सांगा की सरळ, तेवढाच वेटरचा हेलपाटा वाचेल. आप्पा म्हणाले, "पुरी कॉफी घेतली की माणूस पिऊन उठतो, मास्तर. निम्मी घेतली की दुसऱ्या निम्मीची वाट बघत बसतो." (मी हायस्कुलात शिकवतो, त्यामुळे आप्पांच्या लेखी मास्तर.) आप्पांना दिवस मावळायच्या आत घरी पोचून जेवायचं असायचं, म्हणून तीनच्या सुमाराला ते उठायचे. साडू त्यांना बसस्टँडपर्यंत पोचवायला जायचे. कितीतरी वर्षं हे असंच चाललं होतं, आणि पुढेही चालणार यात कुणाला शंका नव्हती.

मग हॉटेलचे काका थकले. मुलगी मंगळूरला होती, तिने त्यांना नेलं, आणि हॉटेलचं शटर पडलं. काही आठवडे ते बंदच होतं. गुरुवारी ही दोघं बाहेरच्या पायरीवर बसायची, कॉफीशिवाय. आणि एके दिवशी साडू सहज म्हणून खडेबाजारात गेले तर हॉटेलची जुनी पाटी रस्त्यावर काढून ठेवलेली आणि कामगार भलीमोठी काच बसवतायत! चौकशी केली तेव्हा कळलं, कॉफीची एक बडी कंपनी येतेय, मुंबई-बंगळूरला जिची गल्लोगल्ली दुकानं आहेत ती. नाव मी सांगत नाही. सांगितलं तर साडू त्यावरही हरकती मागवतील. जागा अर्थातच आप्पांनी दिलेली. आणि आप्पा यातला एक शब्दही साडूंना बोलले नव्हते.

साडू घरी आले ते ओसरीवर बसून राहिले. आक्कांनी, म्हणजे माझ्या मेव्हणीबाईंनी, काय झालं म्हणून विचारलं तर एवढंच म्हणाले, "त्यानं मला नोटीस न्हाय दिली." त्या गुरुवारी आप्पांचा फोन आला. साडूंनी उचलला नाही. पुढच्या गुरुवारी आला, त्याच्या पुढच्या आला. मग यायचा बंद झाला. आक्का म्हणाल्या, अहो एवढा चाळीस वर्षांचा दोस्त, बोला की त्याच्याशी. साडू म्हणाले, "चौकशी पुरी झाल्याबिगर मी बोलत न्हाय. त्यानं केलं ते बरं का वाईट ते आदी समजूंदे." बायकोने मला हे सांगितलं तेव्हा मी हसलो होतो. माझं हसणं चुकलं, हे मला नंतर कळलं.

कारण साडूंनी खरोखरीच चौकशी सुरू केली. कॉफीचं हे दुकान गावाला चांगलं का वाईट, यावर आख्ख्या बेळगावचे जबाब! सकाळी पिशवी खांद्याला लावून निघायचे ते दुपारी जेवण्यापुरते घरी. शाळा सुटली की मला पंच म्हणून बोलवायचे. त्यातून जी काय एकेक मतं बाहेर आली, त्यांतली काही ऐकलीत तर तुम्हालाही या गावाची ओळख पटेल.

निवृत्त हेडमास्तर म्हणाले, हे सगळं आपल्या संस्कृतीच्या मुळावर आलंय, आणि तसं म्हणत असताना त्यांच्या हातात तिथलाच कागदी पेला होता. नातवाने आणून दिला म्हणे, टाकवत नाही. दोन रस्ते सोडून पलीकडच्या हॉटेलमालकाने अर्धा तास कंपनीला शिव्या दिल्या आणि मग साडूंना बाजूला घेऊन हळूच विचारलं, तिथलं दुधाला फेस आणायचं यंत्र कुठे मिळतं तेवढं बघता काय? इंजिनिअरिंगच्या एका पोराची आई म्हणाली, घरी पंख्याखाली अभ्यास होत नाही, तिथं होतो, मग आम्ही काय बोलणार. भाजी विकायला त्या काचेच्या दारासमोरच बसणारी आज्जी म्हणाली, "कोनबी आत-भाईर केलं की गार वारा येतुया बघ बाबा माज्या अंगावर. लई बरं हाय. आनी दोन दुकानं काढूंदेत." कोपऱ्यावरच्या चहाच्या गाडीवाल्याचा धंदा बुडाला असेल म्हणून आम्ही जरा हळहळतच त्याच्याकडे गेलो, तर तो खुशीत. "साहेब, आतली कॉफी पिऊन पोरांचं तोंड कडू हुतंय, मग भाईर येऊन माझा चहा घेत्यात. न्हाय आवडत तर जातात कशाला, ते मात्र मला कळलं न्हाय." पाटी कुठल्या भाषेत हवी यावरून जन्मभर एकमेकांविरुद्ध निवेदनं देत आलेले दोन कार्यकर्ते आहेत, एक कानडी आणि एक मराठी. साडूंनी दोघांचे वेगवेगळे जबाब घेतले. दोघांचंही म्हणणं अक्षराला अक्षर लावून एकच निघालं, फार महाग आहे. साडूंनी तो कागद मला दोनदा वाचून दाखवला. इतिहासात असं कधी घडलं नव्हतं, पावणं, म्हणाले.

आमच्या शेजाऱ्यांचे जावई कोडगूचे, म्हणजे कूर्गचे. ते म्हणाले, बी आमच्या डोंगरातलं, पाणी तुमच्या नळाचं, दूध इथल्या म्हशीचं, मग त्यांचं काय? पेला! माझ्या बायकोने जबाब दिला तो असा, की तिथं कप विसळावे लागत नाहीत, मला एवढं एक कारण पुरे आहे. आणि मला विचारलं तेव्हा मी सांगितलं की तिथलं स्वच्छतागृह चांगलं आहे. खरं तेच सांगितलं. बाजारात गेलेल्या माझ्या वयाच्या माणसाला याचं महत्त्व कळतं. साडूंनी मान डोलावली आणि लिहिलं, "पंच स्वतः समाधानी."

एकदा प्रत्यक्ष जागेची पाहणीही झाली. मी म्हणालो, अण्णा, आत जायचं म्हणजे काहीतरी घ्यावं लागेल. ते म्हणाले, घेऊ की. काउंटरवर खानापूरकडच्या एक बाई होत्या, तिशीतल्या, डोक्याला कंपनीची टोपी. साडू म्हणाले, "एक कॉफी द्या. बाय टू." बाईंनी विचारलं, स्मॉल, मीडियम का लार्ज? साडू म्हणाले, "निम्मी." बाई हसल्या, म्हणाल्या, "काका, आमच्यात बाय टू नसतंय ओ. मशिनीत तसं बटनच न्हाय." मग त्यांनी पेल्यावर लिहायला नाव विचारलं. साडूंनी सर्व्हे खात्याच्या शिस्तीत संपूर्ण नाव, वडिलांचं नाव, राहणार अनगोळ, तालुका जिल्हा बेळगाव, असं सगळं सांगितलं. बाईंनी पेला फिरवून फिरवून लिहिलं बिचारीने, आणि कॉफी तयार झाल्यावर तालुक्यासकट हाक मारली. आतली सगळी पोरंपोरी माना वळवून बघायला लागली. साडूंनी मात्र "हजर!" म्हणून पेला घेतला. मग ते या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत पावलं मोजत गेले, बाईंचा जबाब घेतला (काम बरं आहे, पगार वेळेवर, पाय फार दुखतात), आणि परत येऊन सोफ्यावर बसले. सोफा भलताच खोल. उठताना मला हात द्यावा लागला.

तिथं बसलेले असताना मी त्यांच्याकडे नीट पाहिलं. कागदावर लिहिता लिहिता ते मधेच थांबले होते आणि समोरच्या रिकाम्या खुर्चीकडे बघत होते. मी विचारलं, "अण्णा, कॉफी कशी वाटली?" ते म्हणाले, "तुमचं काय म्हणणं?" मला खरं तर राग आला. म्हणालो, माझं जाऊ दे, चुलीत जाऊ दे माझं, तुमचं सांगा. तर म्हणाले, "अजून पन्नास जबाब घ्यायचं हायत, पावणं." तेव्हा माझ्या टाळक्यात उजेड पडला. या माणसाला कॉफीशी काही देणंघेणं नव्हतं. चाळीस वर्षांच्या मित्राने केलं ते चूक नव्हतं, असं कुणीतरी सांगावं म्हणून तो दारोदार फिरत होता. म्हणजे मग त्याला आप्पांशी जाऊन बोलता आलं असतं. आणि आमचं गाव पडलं मतामतांचं! निम्मे म्हणत होते चांगलं केलं, निम्मे म्हणत होते वाईट केलं. चपलेसारखंच, दोन्हीकडे सारखं बळ.

असे आठ महिने गेले. कागदांचा ढीग आक्कांच्या तांदळाच्या पिंपावर गेला, तिथून कपाटावर गेला. शेवटी आक्काच वैतागल्या. एका रविवारी मी तिथंच होतो. साडू जबाब क्रमवार लावत बसले होते. आक्का पदराला हात पुसत बाहेर आल्या आणि कमरेवर हात ठेवून उभ्या राहिल्या.

"आवो, एक इचारू?"

"इचार की."

"उभ्या जन्मात तुमी कुनाची जमीन त्याला न बोलावता मोजलासा काय?"

साडूंना तो अपमानच वाटला. "काय बोलतीस? कब्जेदार हजर नसला तर मोजणीच हुत न्हाय. दोन दोन वेळा नोटीस देऊन वाट बघितलीया मी. उन्हात बसून राहिलोय."

"मग भाजीवालीला इचारलासा, चहावाल्याला इचारलासा, माज्या बहिनीला इचारलासा. जागा कुनाची हाय? त्याला इचारलासा व्हय?"

साडूंनी हातातला कागद हळूच खाली ठेवला. इतकी वर्षं सर्व्हेअर म्हणून ज्याच्या कामात एक खोट निघाली नाही, त्याने चौकशीतला पहिला नियमच मोडला होता. स्वतःला नोटीस मिळाली नाही म्हणून रुसून बसलेल्या माणसाने स्वतःही नोटीस दिली नव्हती. मला त्यांच्या तोंडाकडे बघवेना. मग ते उठले, कोरा कागद घेतला आणि नोटीस लिहायला बसले. फोन करा की, मी म्हणालो. छे! रीतसर, रजिस्टर पोस्टाने, "येत्या गुरुवारी सकाळी अकरा वाजता सदर जागी समक्ष हजर राहून आपले म्हणणे मांडावे. गैरहजर राहिल्यास..." इथं ते अडले. एरवी गैरहजर राहिल्यास एकतर्फी निर्णय घेतला जाईल असं लिहितात. बराच वेळ पेन्सिल चावून त्यांनी लिहिलं, "गैरहजर राहिल्यास पुन्हा नोटीस दिली जाईल."

गुरुवारी मी शाळेत रजा टाकली. पंचाला जावंच लागतं. साडू साडेदहालाच दुकानात जाऊन बसले होते, इस्त्रीचा सदरा, पुढे कोरे कागद. अकराला पाच कमी असताना आप्पा आले. मला ते एकदम खंगल्यासारखे वाटले. त्यांना दारात बघून साडू ताडकन उभे राहिले, जन्मात कधी मोठ्याने न बोललेल्या माणसाने चक्क हाक मारली, "आप्पाऽ!" आप्पांनी वळूनसुद्धा पाहिलं नाही. भलत्याच दिशेला बघत उभे. साडूंचा चेहरा पडला. मला म्हणाले, "रागावलाय." मीच मग जाऊन आप्पांच्या खांद्याला हात लावला. त्यांनी दचकून मागे पाहिलं, साडू दिसले आणि म्हातारा लहान पोरासारखा हसला. खिशातून नोटिशीचा कागद काढून त्यांनी साडूंच्या हातावर ठेवला. "हजर हाय रं."

साडूंनी एकदा घसा खाकरला आणि कागदावरचा प्रश्न वाचला, "ही जागा सदर कंपनीला का दिली?" आप्पा म्हणाले, "आँ?" साडूंनी पुन्हा वाचला. आप्पा कानामागे हात धरून पुढे झुकले. "मोठ्यानं बोल रं. डावा कान दिवाळीतच गेला. उजवा बी आता निघालाय. यंत्र लावलं तर शिट्टी वाजतीया डोक्यात, काढून टाकलं." मग काउंटरवरच्या त्याच बाईंना मी जाऊन सांगितलं आणि त्यांनी गाणं बंद केलं. साडूंनी तिसऱ्यांदा ओरडून विचारलं. सगळं दुकान ऐकत होतं.

"अय्यो मारायाऽ, हे इचारायला पोष्टानं नोटीस?" आप्पा त्यांच्या नेहमीच्या पट्टीत सुरू झाले. "काका गेल्यावर पाच जण आलते जागा मागायला. मोबाइलवाला आलता. सोनं गहाण ठेवून घेणारे आलते, ते जास्त द्याला तयार हुते. पोरगा म्हणला त्येंनाच द्या. मी म्हटलं, तिथं जाऊन आमी दोघं काय करायचं? गुरुवारी काय मंगळसूत्र गहाण ठेवायचं का? एल्लारिगू, सगळ्यांना मी एकच इचारलं, दोन म्हातारी माणसं येऊन तासन्‌तास बसली तर उठवणार काय? ह्या कॉफीवाल्यांनी तेवढं सांगितलं, आमी कुणालाच उठवत न्हाय म्हणून. मग दिली. तुला सांगणार हुतो, पण म्हटलं दुकान उघडलं की एकदम आणूनच बसवावं. आनी तू फोनच उचलंनास."

साडूंच्या हातात पेन्सिल होती, कागद समोर होता, पण त्यांनी यातलं एक अक्षर लिहिलं नाही. त्यांचे डोळे भरून आले होते. आप्पांना वाटलं, आपलं बोलणं याला पटलेलं नाही, म्हणून ते आणखी मोठ्याने सांगायला लागले. साडू उठले, आपली खुर्ची ओढत टेबलाला वळसा घालून गेले आणि आप्पांच्या उजव्या अंगाला, खांद्याला खांदा लागेल इतकी जवळ लावून बसले. त्यांच्या कानाशी तोंड नेऊन काहीतरी म्हणाले. काय म्हणाले ते मला ऐकू आलं नाही. आप्पांनाही आलं का नाही, कोण जाणे. पण ते मान हलवत राहिले. मी पंच होतो, तिथं बसायला हवं होतं. मला काही बसवेना. मी बाहेर येऊन भाजीवाल्या आज्जीजवळ उभा राहिलो.

तीन वाजता आम्ही दोघांनी आप्पांना चिकोडीच्या बसमध्ये बसवून दिलं. साडूंनी कंडक्टरला दोनदा बजावलं, उतरायचं गाव आलं की हात लावून सांगा, हाक मारू नका. बस गेली तरी ते फलाटावर उभेच होते. मी म्हणालो, चला अण्णा, मिटलं एकदाचं. बरं झालं. पुढच्या गुरुवारी येणारच आहेत की ते.

"येतोय की," साडू म्हणाले. पिशवी त्यांनी या खांद्यावरून त्या खांद्यावर घेतली. "पण पावणं, आठ महिन्यांमागं इचारलं असतं, तर एका हाकेत ऐकलं असतं त्यानं."